स्मॉलकॅप निर्देशांक आणि शिरोलीच्या फौंड्र्या

स्मॉलकॅप इंडेक्स फंडातून, म्हणजे लहान कंपन्यांच्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडातून, कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांएवढ्या (ओतकामाच्या कारखान्यांएवढ्या) छोट्या कंपन्यांत पैसे जातात, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. निफ्टी स्मॉलकॅप २५० या निर्देशांकात ढोबळमानाने बाजारमूल्यात २५१ ते ५०० क्रमांकाच्या कंपन्या असतात, म्हणजे हजारो कोटींच्या.

खरी मेख फेरबदलात आहे. मार्च आणि सप्टेंबरअखेर निर्देशांकातल्या कंपन्यांची यादी बदलते. वधारून मिडकॅपमध्ये (मध्यम कंपन्यांच्या गटात) गेलेली कंपनी फंडाला विकावीच लागते, तिथून घसरलेली घ्यावी लागते. सगळे इंडेक्स फंड हे एकदमच करतात, या शेअर्सची रोजची उलाढाल मात्र बेताची. मग भाव हलतो आणि फटका आपल्याला. म्हणून फंडाचा नुसता खर्च बघू नका. लाभांश धरलेल्या टीआरआय निर्देशांकापेक्षा परतावा किती मागे पडला, ते आधी तपासा.