थोरलेपण आणि वारसा: गोव्यातील घरांचे अनुभव

गोव्यात वारसा वाटताना थोरल्याला कायद्याने दिडकीही अधिक मिळत नाही. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता येथे 1870 मध्ये लागू झाली, तेव्हापासून मुलगा-मुलगी, थोरला-धाकटा हा भेद वाटणीत राहिलेला नाही. आईवडिलांना इच्छापत्राने स्वतःच्या अर्ध्याच मालमत्तेची मनाजोगती व्यवस्था लावता येते आणि उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. 2016 पासून अमलात असलेल्या 2012 च्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. मूळ घरातली चवथ (गणेशचतुर्थी), देवघर आणि म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे मात्र बहुधा थोरल्याच्या वाट्याला येते. आपल्या घरात हा मेळ कसा बसला, किंवा का बसला नाही, हे कृपया सविस्तर लिहावे.

फोंडा तालुका, पाच भावंडांतला थोरला

आई आधीच गेली होती, त्यामुळे बाबांच्या पश्चात न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे प्रकरण, दाखल झाली तेव्हा मालमत्तेची यादी देण्याचे काम माझ्याकडे आले. जुनी माणसे या जबाबदारीला आजही ‘काबेसा द काझाल’ म्हणतात. शब्दशः अर्थ घराचे मस्तक, पण त्यात मान थोडा आणि हिशेब फार. कुळागरातल्या (घराच्या बागायतीतल्या) पोफळी, माड, मिरीचे वेल, विहीर, घरातली तांब्याची भांडी, सारे मी लिहून दिले, आणि एका बहिणीला वाटले की मी काही लपवतो आहे. तीस वर्षे त्या घरात राहून बाबांची शुश्रूषा केलेल्या माणसाला तो संशय किती लागला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

घराचे पाच तुकडे होणे शक्य नव्हते, म्हणून वारसांमध्येच बोली झाली. जो अधिक बोलेल त्याने घर घ्यावे आणि इतरांच्या हिश्श्याची रक्कम चुकती करावी, अशी ती रीत आहे. मुंबईच्या धाकट्या भावाची बोली माझ्या आवाक्याबाहेर गेली. त्याने कोणताही अन्याय केला नाही, कायदा त्याच्याही बाजूने तितकाच होता. तरीही सेवेचे मोल कोणत्याच रकान्यात मांडले जात नाही, ही उणीव मला खरी वाटते.

पेडणे, धाकटी बहीण

आमच्या दादाने शिक्षण सोडून आम्हा तिघांना शिकवले. वाटणीच्या वेळी आम्ही कुळागराचा मोठा भाग आपण होऊन त्याच्या नावे करू म्हटले, तर त्याने समान वाटणीचाच आग्रह धरला.

मडगाव, थोरली मुलगी

मी भावंडांत सर्वांत मोठी, पण घरात ‘थोरला’ म्हटले की माझ्याहून चार वर्षांनी लहान भावाकडे पाहिले जाई. आजारी आईला इस्पितळात नेण्याच्या वेळी मात्र मी थोरली असे. बाबा गेल्यावर हक्कसोडीचा कागद तयार होऊन आला आणि सही करून मोकळी हो, असे मला प्रेमानेच सांगण्यात आले. लग्नानंतर पतिपत्नीची मालमत्ता समाईक होत असल्याने कागदावर यजमानांचीही सही लागणार होती. ते म्हणाले, तुझा निर्णय झाल्याशिवाय मी लेखणी हातात घेणार नाही.

मी सही केली नाही. पैशाची निकड नव्हती; माझ्या मुलीसमोर मला ती करवली नाही. दोन वर्षे भावाशी बोलणे तुटले. गेल्या चवथीला भावजयीचा फोन आला की गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळे कोणत्या क्रमाने बांधायची हे घरात कोणालाच आठवत नाही. मी आदल्या संध्याकाळी गेले आणि आईने शिकवले तसे एकेक फळ बांधून दिले. माझा हिस्सा अजून वाटून मिळालेला नाही.