अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध करामुळे झालं, हे कितपत खरं?

खलबत्ता
आपल्याकडे अमेरिकन क्रांतीची गोष्ट तीन वाक्यांत उरकतात. इंग्लंडने चहावर कर बसवला, बोस्टनकरांनी पेट्या बंदरात फेकल्या, युद्ध पेटलं. मला हे पटत नाही, कारण त्याआधी इंग्लंडने कर बसवून दोनदा माघार घेतली होती. १७६५चा स्टॅम्प ॲक्ट (वर्तमानपत्रं, दस्त, परवाने, अगदी पत्त्यांच्या जोडालाही मुद्रांक) वर्षभरात रद्द झाला. १७६७ साली ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात बसवली. १७७०मध्ये चहा वगळता तीही उठली. पुढची दोन-तीन वर्षं त्यामानाने शांत गेली. १७७३च्या कायद्याने तर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता.

बिनसलं ते १७७४च्या शिक्षेने. ३४२ पेट्या बुडाल्या म्हणून पार्लमेंटने नुकसानभरपाई होईपर्यंत बोस्टनचं बंदरच बंद केलं. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, वरिष्ठ सभागृह राजनियुक्त केलं, गावसभा भरवायलाही गव्हर्नरची परवानगी लागू लागली. चहा नको असेल तर माणूस पीत नाही, पण गावसभा आणि कोर्ट गेलं तर करायचं काय? सप्टेंबर १७७४मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टर गावात साडेचार हजारांहून जास्त शेतकरी जमले आणि त्यांनी कोर्ट उघडूच दिलं नाही. एक गोळी सुटली नाही. युद्धाची पहिली चकमक, लेक्सिंग्टनची, एप्रिल १७७५ची. मॅसॅच्युसेट्समध्ये बोस्टनबाहेर राजाचा अंमल त्याच्या कितीतरी आधी संपला होता.

दर्यावर्दी
शेतकरी वगैरे ठीक, पण आग लावली कोणी ते सांगा की. १७६४च्या शुगर ॲक्टने काकवीवरची जकात गॅलनला सहा पेन्सवरून तीनवर आणली. तरी बोंब का झाली? कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं आणि आता तीन खरोखर वसूल होणार होते. वर खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयात. बोस्टनचा बडा व्यापारी जॉन हॅनकॉक, त्याचं 'लिबर्टी' जहाज १७६८ साली जकातवाल्यांनी जप्त केलं, ते कशापायी? कंपनीचा चहा स्वस्त झाला की चोरून आणलेल्या डच चहाचं दुकान बसणार, एवढं सरळ आहे. शिवाय १७६३च्या राजाज्ञेने ॲपलाचियन डोंगरापलीकडे वसाहत करायला मनाई होती. वॉशिंग्टनसकट व्हर्जिनियाच्या कितीतरी बड्यांचा डोळा तिथल्या जमिनींवर होता. हक्काची भाषा मागाहून चढवलेला मुलामा आहे.

खलबत्ता
वूस्टरच्या शेतकऱ्यांकडे ना जहाज होतं ना डोंगरापलीकडची ओहायोची जमीन. हॅनकॉकसाठी त्यांनी शेतं का सोडावीत?

जमाखर्च
दोघांशी असहमत. कर हेच कारण होतं, मात्र त्याची रक्कम नव्हे, तो बसवण्याचा हक्क. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धानंतर (१७५६-६३) इंग्लंडचं कर्ज साधारण साडेसात कोटी पाउंडांवरून तेरा कोटींवर गेलं होतं. अमेरिकेत दहा हजार फौज ठेवायची, तर थोडा भार तिथल्यांनी उचलावा ही मागणी अजिबात अवाजवी नाही. इंग्लंडातला माणूस वसाहतवाल्याच्या कित्येक पट कर भरत होता. पण खलबत्ता, तुमची 'माघार' फसवी आहे. १८ मार्च १७६६ला स्टॅम्प ॲक्ट रद्द झाला, त्याच दिवशी दुसऱ्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली: वसाहतींसाठी हवा तो कायदा करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. चहावरचे रतलामागे तीन पेन्स मुद्दाम ठेवले, ते तेवढा हक्क शाबूत राहावा म्हणून. १७७४ ही त्याच हक्काची वसुली.

गोदाकाठ
चहाची दुसरी बाजू आपल्या इथली आहे. १७७०चा बंगालचा दुष्काळ, लष्करी खर्च आणि लंडनच्या गोदामांत न विकलेला चिनी चहा यांनी कंपनी बुडायला आली. १७७३मध्ये लॉर्ड नॉर्थच्या सरकारने तिला १४ लाख पाउंड कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्टने वेसण घातली आणि चहा अमेरिकेच्या गळ्यात मारला. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी लिहिलं होतं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, आता तिची नजर आपल्यावर आहे. ही भीती नुसत्या तस्करांची नव्हती. (१७७५मध्येच मुंबईकर इंग्रज राघोबादादांचं प्यादं पुढे करून मराठ्यांशी भिडले होते. आणि १७८१मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर-जनरल म्हणून हजर!)

दर्यावर्दी
राघोबादादा आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

कापूसकोंडा
सगळे बोस्टनलाच चिकटून बसलात. मॅसॅच्युसेट्सला शिक्षा झाली, मग व्हर्जिनिया युद्धात का उतरला? नोव्हेंबर १७७५मध्ये गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र घेतील ते मुक्त. तेव्हा मळेवाल्यांची पाचावर धारण बसली. स्वातंत्र्याचं युद्ध म्हणताना हेही मांडा.

खलबत्ता
मांडायलाच हवं, पण क्रम पाहा. मे १७७४मध्येच व्हर्जिनियाच्या सभागृहाने बोस्टनसाठी उपासाचा दिवस जाहीर केला होता आणि याच डनमोरने ते बरखास्त केलं. आज त्यांचं बंदर, उद्या आपलं, हे तिथे कळलं होतं. तरीही जुलै १७७५मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस राजाकडे समेटाचा अर्ज पाठवत होती. राजाने तो हातातही घेतला नाही, उलट ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवलं. डनमोरने तडजोडवाल्यांचं तोंड बंद केलं, हे मान्य. बंड मात्र आधीच उभं होतं.

दर्यावर्दी
बरं, तुमच्या वूस्टरवरच येतो. १७८६च्या सप्टेंबरात त्याच गावात शेतकऱ्यांनी पुन्हा कोर्ट बंद पाडलं. या वेळी राजा नव्हता, स्वतः निवडलेलं सरकार होतं. कारण? कर आणि कर्जवसुली. शेजचं बंड म्हणतात ते हेच, आणि ते मोडायला बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून फौज उभी केली. क्रांतीच्या वेळी लोकांना चिथावणारे बोस्टनचे पुढारी सॅम्युअल ॲडम्स तेव्हा म्हणत होते की राजाविरुद्धच्या बंडाला माफी असू शकते, प्रजासत्ताकाविरुद्धच्या बंडाला मृत्युदंडच. आता सांगा, शेतकऱ्याला गावसभा टोचत होती की कर?

खलबत्ता
१७८६मध्ये त्यांनी कर्जाच्या जप्त्या थांबवा, कर कमी करा म्हणून कोर्टं अडवली. १७७४मध्ये त्यांनी राजाच्या न्यायाधीशांना डोक्यावरची टोपी काढून, दुतर्फा उभ्या गर्दीतून चालवत राजीनामे वाचायला लावले. त्या दिवशी कराचा कागद कोणी मागितला नव्हता.

जमाखर्च
न्यायाधीशांचा पगार कुठून येणार होता? त्याच चहाच्या जकातीतून. पगार राजाने दिला की न्यायाधीश विधानसभेला जुमानणार नाहीत, हेच तर १७७२पासूनचं भांडण. दोन्ही एकच आहे हो.