विश्वचषक भारतात, पण मैदानं पाचच! नागपूर-पुण्यानं काय घोडं मारलंय?

सिव्हिल_लाइन्सवाला
2026 च्या टी-20 विश्वचषकात 20 संघ, 55 सामने. भारतातली मैदानं फक्त पाच: अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. बाकीची तीन श्रीलंकेत. 1987 ला सामने होते जेमतेम 27, पण भारत-पाकिस्तान मिळून मैदानं 21! कटक, कानपूर, इंदूर, पुणे, नागपूर, सगळ्यांच्या पानात काही ना काही पडलं. आमच्या नागपूरच्या पानात तर पंचपक्वान्न. न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅटट्रिक, विश्वचषकातली पहिली, आणि त्याच दिवशी अंगात ताप असताना गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतक. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर 1996 साली केनियानं वेस्ट इंडिजला 93 वर गुंडाळलं. हे काही 'मोठ्या' मैदानांवर झालं नाही ना भाऊ.

2023 ला दहा मैदानं होती, त्यातही नागपूर, मोहाली, इंदूर नव्हते. पुणे होतं, आता तेही गेलं. आणि तेव्हाचा उद्घाटनाचा इंग्लंड-न्यूझीलंड सामना सव्वा लाखाच्या अहमदाबादेत ठेवला, तर टीव्हीवर खुर्च्याच खुर्च्या. तोच सामना आमच्या जामठ्याला, नागपूरच्या आताच्या मैदानाला, दिला असता तर काय बिघडलं असतं?

चर्चगेट_फास्ट
बिघडलं असतं. 1987 चं उदाहरण आज चालत नाही. तेव्हा चार कॅमेरे आणि एक ट्रक असला की भागायचं. आज स्पायडरकॅम, बॉल ट्रॅकिंग, कॉमेंट्रीच्या डझनभर भाषा. हा सगळा सरंजाम दर दोन दिवसांनी नव्या गावी हलवायचा? वर चार-चार संघ एकाच वेळी मुक्कामाला, त्यांना हॉटेलं हवीत, सरावाच्या वेगळ्या खेळपट्ट्या हव्यात, थेट विमानं हवीत. 2023 ला हौसेनं धरमशाला घेतलं. मागे बर्फाचे डोंगर, चित्र झकास. आउटफील्ड असं की डाइव्ह मारताना खेळाडू घाबरत होते, इंग्लंडचा कर्णधार बटलर तर उघड बोलला. वानखेडेला या, चर्चगेटला उतरा, पाच मिनिटांत गेटवर.

लेगबिफोर
"पाच मिनिटांत गेटवर", आणि गेटपासून सीटपर्यंत दीड तास, ते सांगायचं राहिलं 😀

कट्ट्यावरचा_पंच
हॉटेलं, विमानं, कॅमेरे वगैरे सगळं नंतर. आधी खुर्ची बघा. 2011 ला जामठ्याला विश्वचषकाचे चार सामने मिळाले, त्यात भारत-दक्षिण आफ्रिकाही. तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष कोण? शशांक मनोहर, नागपूरचे. फायनल वानखेडेला. तेव्हा आयसीसीचे अध्यक्ष? शरद पवार. 2016 च्या टी-20 विश्वचषकात भारताचा पहिला सामना पुन्हा जामठ्याला, तेव्हा बोर्डावर पुन्हा मनोहर. (त्यात आपण 79 वर ऑल आउट झालो ते सोडा.) 2023 ला सचिव जय शाह, फायनल अहमदाबाद. सिव्हिल लाइन्सवाले, तुमचं पान वाढलं जात होतं तेव्हा पंक्तीत इंदूर कुठं होतं, हे विचारलंत का कधी?

सिव्हिल_लाइन्सवाला
विचारलं नाही, मान्य. म्हणूनच म्हणतो, माणूस बदलला की मैदान बदलते हे बंद करा. द्विपक्षीय मालिकांना रोटेशन आहे ना? कसोटी-वनडे फिरत फिरत सगळीकडे जातात. मग विश्वचषकालाच काहून नाही? किमान गटातले दोन-तीन सामने तरी रोटेशननं वाटा.

@चर्चगेट_फास्ट, सरंजाम हलवायचा त्रास म्हणता, पण आयपीएलमध्ये तोच सरंजाम दोन महिने देशभर फिरते. तेव्हा कोणाची कंबर मोडत नाही.

गहुंजे_अप_डाउन
मी पुण्याची, तरी मला सामना नकोच. थांबा, शिव्या नंतर द्या.

गहुंजेचं मैदान दिसायला देखणं, पण बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. दुपारी दोनची वनडे म्हणजे पहिली इनिंग डोक्यावर रुमाल टाकून बघायची. बाटली आत नेऊ देत नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या कसोटीला पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळालं नाही आणि संघटनेला माफी मागावी लागली, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. आधी छप्पर, पाणी, बायकांची पुरेशी स्वच्छतागृहं. मग विश्वचषक मागा. अस्मिता सावलीत बसून बघते, तिकीट काढणारा उन्हात.

नेरूळ_लोकल
मग महिला विश्वचषक बघा की! 2025 ला गुवाहाटी, इंदूर, विशाखापट्टणम, नवी मुंबई. म्हणजे 'छोटी' मैदानं चालतात, फक्त बायकांच्या स्पर्धेला चालतात. डी. वाय. पाटील तर मूळ यादीत नव्हतंच, बंगळुरूची चेंगराचेंगरी झाली आणि तिथले सामने इकडे आले. 2 नोव्हेंबरच्या फायनलला पाऊस, सामना दोन तास उशिरा. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या, दीप्तीनं पाचवी विकेट काढली तरी डबा उघडला नव्हता. हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र झालेली, कोणी हललं नव्हतं. मोठं मैदान लागत नाही, लोकल स्टेशन लागतं.

चर्चगेट_फास्ट
हे पटलं. पण हे माझ्याच बाजूचं झालं ना? स्टेशनजवळचं मैदान, मोठ्या शहरातलं. नागपूरचं काय? जामठा शहराबाहेर, वर्धा रोडला. टी-20 रात्री अकराला संपणार. चाळीस हजार माणूस त्या एका हायवेवरून घरी कसा जातो?

सिव्हिल_लाइन्सवाला
खापरीपर्यंत मेट्रो आहे.

चर्चगेट_फास्ट
आणि खापरी ते जामठा?

सिव्हिल_लाइन्सवाला
बस सोडतात बे. नाहीतर पायी. आम्ही जातो.

लेगबिफोर
आयसीसीच्या पाहणी समितीला हे उत्तर जसंच्या तसं पाठवा.