ग्योताकू : सजावट नव्हे, आधी नोंद

ग्योताकू म्हणजे खऱ्या माशाला शाई लावून कागदावर घेतलेला जपानी छाप. त्याचं कौतुक बहुधा भिंतीवरची सजावट म्हणून होतं, त्यात थोडी भर घालतो. ही कला चित्रकारांची नव्हे, गळाने मासे धरणाऱ्यांची. जपानमधल्या शोनाई (आजच्या यामागाता प्रांतातला भाग) इथला १८३९ चा छाप सर्वांत जुन्यांपैकी मानतात; तिथले सामुराई मासेमारीचे शौकीन होते.

माशाचा बुळबुळीतपणा मिठाने धुवायचा, नीट टिपायचा, पर पसरून पिनांनी रोवायचे. शाई लावली की पातळ वाशी (जपानी हातकागद) अंथरून बोटांनी हलकेच दाबत जायचं. खवल्याची कडन् कड उमटते. डोळा तेवढा मागाहून ब्रशने काढतात आणि माझ्या मते छापात जीव येतो तो तिथेच.

शेजारी तारीख, ठिकाण, पकडणाऱ्याचं नाव, कधी साक्षीदाराचंही! म्हणूनच २०२० मध्ये जपानी संशोधकांनी मासेमारीच्या सामानाच्या दुकानांतले छाप तपासून पूर्वी कुठे कोणता मासा मिळायचा ते शोधलं. आता धोक्यात आलेला अकामे हा मासाही त्यांत सापडला. हा आपल्या जिताड्याचा अगदी जवळचा भाऊबंद. आपल्या खाडीतल्या जिताड्यांचीही अशी तारीखवार नोंद कोणी ठेवायला घेतली तर मी आनंदाने हातभार लावेन.