आंदरमॅटचे महत्त्व बोगद्याने संपले का?

गोट्टहार्ड बोगदा झाल्यावर स्वित्झर्लंडमधील आंदरमॅट आडबाजूला पडले, हे मत मला अर्धेच पटते. 1980 मध्ये सुमारे 17 किलोमीटर लांबीचा रस्ता-बोगदा सुरू झाला आणि ग्योशेनेनहून थेट आयरोलोला जाणारी उत्तर-दक्षिण वाहतूक या गावाला वगळून डोंगराखालून जाऊ लागली, हे खरेच आहे.

परंतु आंदरमॅट केवळ त्या एका वाटेवर नाही. उत्तरेकडून शोलेनेनच्या अरुंद घळीतून चढणारा 2 क्रमांकाचा रस्ता येथे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या 19 क्रमांकाच्या रस्त्याला मिळतो. पूर्वेला ओबरआल्प खिंडीतून डिसेंटिसकडे, तर पश्चिमेला होस्पेंटालनंतर फुर्का खिंडीतून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरता येते. हा छेद बोगद्याने पुसला गेलेला नाही. हिवाळ्यात मात्र गोट्टहार्ड, ओबरआल्प आणि फुर्का या तिन्ही खिंडींचे रस्ते बर्फामुळे बंद होतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या मोटारींना फुर्काच्या पायथ्याच्या बोगद्यातून, रिआल्प ते ओबरवाल्ड, रेल्वेवर चढून जावे लागते. गावाचे महत्त्व ठरवताना मालमोटारींच्या संख्येपेक्षा ही ऋतूंनुसार बदलणारी जोडणी अधिक विचारात घ्यावी, असे मला मनापासून वाटते.