मदत हवी आहे: कोड रिव्ह्यूत काम तुंबतंय

नमस्कार मंडळी,

आमची सॉफ्टवेअर बनवणारी ९ जणांची टीम, २ आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा). कोड लिहायला फार वेळ लागत नाही, पण पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्याने तपासण्याच्या, रांगेत ३-४ दिवस पडून राहते. तोवर लिहिणारा नवं काम उचलतो, आणि शेरे येतात तेव्हा आपण काय लिहिलं होतं हेच त्याला आठवत नाही. वर मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांशी न जुळणं) आहेतच.

परवा लिटलच्या नियमाने (सरासरी वेळ = अर्धवट कामं ÷ रोज पूर्ण होणारी कामं) हिशेब केला: १८ कामं अर्धवट, दिवसाला ३ पूर्ण, म्हणजे एका कामाला सरासरी ६ दिवस. वेग वाढवण्यापेक्षा अर्धवट कामंच कमी करावीत असं माझं मत. कानबान पद्धतीत कामांच्या फळ्यावर प्रत्येक टप्प्याच्या रकान्यात एका वेळी ठरावीकच कामं ठेवतात; तशी रिव्ह्यूच्या रकान्याला मर्यादा सुचवली, तर उत्तर आलं, "मग लोक रिकामे बसतील!" (रिकामं बसून रिव्ह्यू करावा, हाच तर हेतू.)

ही मर्यादा कुणी प्रत्यक्षात लावली आहे का? ९ जणांना किती ठेवावी? आणि आमच्याकडे पेमेंटचा भाग दोघांनाच कळतो, तिथे रांग लागणारच. त्यावर पेअर प्रोग्रॅमिंगचा (दोघांनी एकत्र बसून एकच कोड लिहिण्याचा) उपयोग होतो का? मॅनेजरला पटेल असा अनुभव असेल तर जरूर सांगा.