गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर: ठोकळ्यांवर ठेवावा की स्लॅबला बोल्ट मारावा?

शिवोलीकर: गोव्यात शिवोलीला दुमजली घर, सपाट गच्ची, समुद्र जवळच. २०० लिटरचा हीटर बसवायचाय, दोन चौरस मीटरचे दोन फ्लॅट प्लेट कलेक्टर (ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या सपाट पेट्या), २५ अंशांच्या उतारावर. बसवणारा म्हणतो, चार पायांखाली काँक्रीटचे फूटभर ठोकळे पुरे, स्लॅबला भोक पाडलं की गळणार. स्लॅब पाच इंची, वर विटांचा कोबा (पाणी अडवायला विटांच्या तुकड्यांचा थर). पावसाआधी उरकायला हवं.

खाडीकाठ: फूटभर लांब-रुंद-उंच ठोकळा साधारण ६५ किलो, चार मिळून २६०. कमी पडतात. आयएस ८७५ भाग ३ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, जवळच्या पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास. चार चौरस मीटर, उचल गुणांक (दाबाच्या किती पट वारा वर उचलतो) १.२ धरला तर ४४६ किलो, सुरक्षेसाठी दीडपट ६७०. कलेक्टर आणि सांगाड्याचे ११० वजा केले तरी ५६० उरतात. ४५० × ४५० × ३०० मिमीचा ठोकळा १४६ किलोचा होतो, तसे चार घ्या. टाकीतलं पाणी हिशेबात धरू नका, दुरुस्तीला टाकी रिकामी असतेच.

आणि पाय ठोकळ्यात जे-बोल्टने (काँक्रीटमध्ये पुरायचा वाकड्या टोकाचा बोल्ट) जखडा. नुसता टेकवलेला पाय असेल तर ठोकळा जागेवर राहतो नि कलेक्टर उडतो! ठोकळे तुळईवर किंवा भिंतीवर येतील असे मांडा, स्लॅबच्या मधोमध नको. कठड्यापासून दीड मीटर आत. कोपऱ्यात वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त.

कोबातज्ज्ञ: गळती बोल्टमुळे नाही, कोब्यात मारलेल्या एक्सपान्शन बोल्टमुळे (भोकात फुगून घट्ट बसणारा) होते. कोबा भुसभुशीत, तिथे बोल्ट धरत नाही, हलतो, पाणी आत शिरतं. कोबा फोडून मूळ स्लॅबपर्यंत जा. एम१० (१० मिमी जाडीचा) केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट, १२ मिमी भोक, ९० मिमी खोल, पाच इंची स्लॅबला बसतं. भोक फुंका, ब्रशने घासा, पुन्हा फुंका, असं दोनदा तरी करा. धूळ राहिली तर अँकर हाताने निघतो. वर छोटा काँक्रीटचा पाया ओतून वॉटरप्रूफिंग त्याच्या बाजूंवर १५० मिमी चढवा.

शिवोलीकर: १५ अंशांवर झोपवलं तर वारा कमी लागेल ना?

खाडीकाठ: लागेल, पण गरम पाणी हवं ते थंडीत. डिसेंबरात दुपारचा सूर्य माथ्यापासून ३९ अंश खाली असतो. किरण किती सरळ पडतात ते सांगणारा कोसाइन १५ वर ०.९१, २५ वर ०.९७. पाच-सहा टक्के तोटा, चालण्यासारखा. कलेक्टरचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे मागून येणारा उत्तरेचा वारा पोटाखाली शिरतो, म्हणून मागच्या पायांची पकड जास्त हवी.

कोबातज्ज्ञ: खाऱ्या वाऱ्यात सांगाडा वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइझ करा (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवा), नंतर वेल्ड मारला तर तिथूनच गंजतो. नट-बोल्ट एसएस ३१६ (खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील). जस्ताला एसएस थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉन वॉशर घाला. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) हवेत, साधे नट वाऱ्याच्या थरथरीने सैल होतात. एसएसवर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर नट जाम होऊन बोल्ट तुटतो. दरवर्षी मे महिन्यात पाना लावून बघा.